गाभ्याला हात न लावता

एरंडोलला एकेकाळी कागद होत असे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने गावाला मोजकीच वाक्यं दिली आहेत. त्यांत अंजनी नदी आहे, कापूस, नीळ आणि धान्याचा व्यापार आहे, १८६६ सालची नगरपालिका आहे आणि जाड्याभरड्या देशी कागदासाठी हे गाव पूर्वी नावाजलेलं होतं, तो धंदा अजून थोडाफार चालतो, अशी एक नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती छापली गेली तेव्हाच गिरणीच्या कागदाने त्या धंद्याचा जीव घेत आणला होता. आज गावात कागदाचा हौद नाही.

आपल्याकडची हातकागदाची रीत मात्र माहीत आहे. ताग-सणाचे जुने दोर आणि गोणपाट तोडून चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, ढेकीखाली कांडायचे, धुवायचे, पुन्हा कांडायचे. हौदातल्या लगद्यात साचा बुडवून पातळ थर वर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवायचा. मग खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं. सगळी मदार त्या खळीवर. ती नीट बसली नाही तर शाई फुटते आणि लिहिणाऱ्याचं अक्षर कितीही सुंदर असलं तरी पान वाया जातं. धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखितं, दप्तरं जपून ठेवली आहेत. त्यातलं अक्षर कुणाचं, मजकूर कुणाचा, यावर विद्वान आयुष्य वेचतात. कागद कुठल्या कागद्याने घोटला, हे पान सांगत नाही.

मी याच गावात राहतो आणि वेबसाइटसाठी प्लगइन लिहितो. वेबसाइट चालवणाऱ्या मूळ प्रणालीला एखादं काम जमत नसेल, तर ते शिकवणारा वेगळा जोड म्हणजे प्लगइन. माझ्या कामाचा मोठा भाग वर्डप्रेसचा. ग्राहक कधी दूरच्या शहरातला दुकानदार असतो, कधी एखादी शाळा, कधी एखादं देवस्थान, आणि रविवारी ज्या मंडळीत मी उपासनेला जातो तिच्यासारख्या ख्रिस्ती मंडळ्याही. वाचणाऱ्याला लेख दिसतो, फोटो दिसतो, वचन दिसतं. मी दिसत नाही. त्यामुळे कागद्यांविषयी मला गाववाल्याची आहे त्याहून जवळची ओढ आहे, आणि मराठी अक्षर यंत्रात कसं उतरलं हा इतिहास मी धंद्याच्या डोळ्यांनी वाचत आलो आहे.

तो इतिहास आमच्या घरातूनही गेला आहे. माझे वडील जळगावच्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, सभेच्या नोटिसा, नाताळच्या आधी मंडळीचा कार्यक्रम. डाव्या हातात खिळे जुळवायची स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसवर. इंग्रजीची केस एका माणसाच्या हाताच्या टप्प्यात मावते. मराठीला समोर, डावीकडे, उजवीकडे असे खण लागतात, कारण अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, सगळ्यांना आपापलं घर हवं. छापून झालं की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. हे काम वडील संध्याकाळी करत, तेव्हा छापखान्यात दुसरं कुणी नसायचं. एक खिळा चुकीच्या घरात गेला, तर उद्या दुसऱ्याच माणसाच्या नावात चूक निघणार, हे ते मला सांगत.

या खिळ्यांच्या संख्येवरच मराठी छपाईचं पहिलं गाडं अडलं होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. छापखाना त्याच्या आधीच, १५५६ साली, आला होता, पण तो रोमन लिपीचा. १६०८ साली स्टीफन्सने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. इथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत पुस्तकं छापावीत ही आपली कित्येक वर्षांची इच्छा असल्याचं त्याने त्यात कळवलं. अडचणही मांडली. युरोपला चोवीस अक्षरं पुरतात, इथे सहाशे साचे ओतावे लागतील. ही संख्या दोनशेपर्यंत उतरवता येईल, हेही त्याने लिहिलं. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात या पत्राची दखल घेतली आहे. मी ते वाचलं तेव्हा त्यात मला धर्मोपदेशक नंतर दिसला, आधी कारागीर दिसला. काम अशक्य आहे म्हणून तो थांबला नाही. तुकडे मोजले, आणि कुठले तुकडे जोडून कुठली अक्षरं साधतील याचा हिशेब केला.

खिळे काही मिळाले नाहीत. १६१६ साली रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी भाषेत, युरोपच्या अक्षरांत. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापलं गेलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुणाच्या हाती नाही. पुराण वाचलं ते हाताने नकला करणाऱ्यांमुळे. लंडनच्या मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. म्हणजे स्टीफन्सला जे यंत्राकडून हवं होतं, ते कुणा अनाम लेखकाने बोरूने करून ठेवलं.

इथे एक गोष्ट मला ख्रिस्ती माणूस म्हणून स्पष्ट लिहायला हवी. ज्या गोव्यात हे पुराण झालं, तिथेच देवळं पाडली गेली होती, १५६० साली इन्क्विझिशन बसलं होतं, लोकांच्या जुन्या पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. पुढे १६८४ साली तर व्हाइसरॉयने लोकांनी आपली बोलीच सोडावी असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणात नवख्रिस्ती श्रोता पुराण मागतो, त्या मागणीमागे आधीची पुराणं गमावल्याचं दुःख आहे. हे बाजूला ठेवून स्टीफन्सचं कौतुक करणं मला जमत नाही. तरीही त्याने स्वतः जे केलं ते वेगळ्या जातीचं आहे. त्याने ओवी घेतली ती ओवीच ठेवली. तिची चाल, तिचा यमकाचा ठेका, श्रोता-वक्त्याचा संवाद, यातलं काही मोडलं नाही. आपली कथा त्याने तिच्या मोकळ्या जागांत बसवली. हुकूम काढणाऱ्याने गाभ्याला हात घातला, स्टीफन्सने जोड दिला. माझ्या धंद्यात रोज याच दोन वाटा समोर येतात आणि त्यातली कुठली धरायची याचा नियम ठरलेला आहे. त्या नियमाकडे मी येतो आहे.

मधला काळ थोडक्यात. बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यासाठी पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी देशी लिप्यांचे खिळे कोरले. तिथे १८०५ साली केरीचं मराठी व्याकरण निघालं, १८१० साली मोडी खिळ्यांत कोश निघाला, आणि भाषेच्या बाजूने पंडित वैजनाथ उभे राहिले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि १८१७ पासून त्यांच्या छापखान्यातून मराठी बाहेर पडू लागलं. नवा करार १८२६, संपूर्ण बायबल १८४७. तिथे थॉमस ग्रॅहमने मराठी खिळे लहान, सुबक आणि संख्येने आटोपशीर केले. तो छापखाना पाहूनच गणपत कृष्णाजींना आपण छापावं असं वाटलं आणि १८३१ साली त्यांनी पंचांग छापलं. ग्रॅहमच्या हाताखाली काम शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६४ साली खिळ्यांची फाउंड्री आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांची देशातली सर्वांत शुद्ध छपाई तिथून झाली. बायबलसाठी घडवलेलं कसब वेदान्ताच्या आणि काव्याच्या कामी आलं. यात कुणाचं काही गेलं नाही. कारागिरी अशी हातातून हातात जाते तेव्हा ती देवाला आवडत असणार असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त रेंगाळतो ते केडगावला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीच्या बळावर संपूर्ण बायबल मराठीत आणलं. नवा करार १९१३ साली आला. १९२२ साली त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ छापून झाला १९२४ साली. तो छापला त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, आणि छापला बायकांनी. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून मुली आणल्या होत्या. उपासमारीने पार थकलेल्या, काही विधवा, काही अनाथ. त्यांच्यापैकी कितीतरी जणी केसपुढे उभ्या राहून खिळे जुळवायला शिकल्या, यंत्र चालवायला, पानं मोडून बांधायला शिकल्या. ज्यांना अक्षर ओळखण्याचा हक्क घरात मिळाला नव्हता, त्यांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचं एकेक अक्षर बोटांनी उचललं. रमाबाईंचं नाव मुखपृष्ठावर आहे आणि असायलाच हवं. त्या बोटांची नावं नाहीत. मी शिकवायला बसतो तेव्हा कॉलेजातल्या मुलांना हे आवर्जून सांगतो, कारण त्यांना वाटतं मराठी आणि यंत्र यांची गाठ आता कुठे पडली.

संगणक आला तेव्हा पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, या अक्षरांना घर कुठे द्यायचं. १९९१ साली भारतीय मानक म्हणून इस्की ही अक्षरांची संकेतप्रणाली ठरली, पुण्याच्या सीडॅकने जिस्ट या तंत्रावर मोठं काम केलं, पण छापखान्यांत आणि मंडळ्यांच्या कचेऱ्यांत श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्टच राज्य करत राहिले. या फॉन्टांत इंग्रजी अक्षराला मराठी चेहरा चढवलेला असे. फॉन्ट काढला की मजकुराचा इंग्रजी पाला व्हायचा. पाळकांच्या सीडीवर वर्षानुवर्षांचे संदेश त्या अवस्थेत पडलेले मी पाहिले आहेत. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला कायमचा आकडा दिला आणि ही परवड संपली.

पण युनिकोड नुसतं असून भागत नाही, ते समजणारा कोड लिहावा लागतो. ‘ख्रिस्त’ हा शब्द घ्या. डोळ्याला दोन अक्षरं दिसतात. यंत्राच्या पोटात ती सात चिन्हं आहेत: ख, हलन्त, र, वेलांटी, स, हलन्त, त. साठवताना प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. इंग्रजीपुरता विचार केलेला प्लगइन लेखाचा सारांश बाइट मोजून तोडतो. दहाव्या बाइटवर तोडलं की तीन चिन्हं पुरी येतात आणि चौथ्याचा तुकडा उरतो, वाचकाला तिथे काळं प्रश्नचिन्ह दिसतं. चिन्हं मोजून तोडलं तरी ‘ख्रिस्’वर तुटू शकतं. अक्षर मोजून तोडायचं तर आधी मराठी अक्षर म्हणजे काय ते कोडला सांगावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. दिसायला एकच, आकडे वेगळे. ‘ॲलायन्स’मधल्या ॲला युनिकोडने स्वतंत्र घर दिलं २००८ साली. त्याआधी टंकलेला ॲ म्हणजे अ आणि वर चंद्र. एखाद्या आजीने करिंथकरांस ‘दुसऱ्या’ पत्रातलं वचन शोधलं आणि तिच्या मोबाइलच्या कीबोर्डने दुसरी रीत वापरली असली, तर वचन असूनही ‘काही सापडले नाही’ असं उत्तर येतं. हे मला सहन होत नाही. म्हणून मी शोधासाठीच्या प्लगइनमध्ये दोन्ही रीती आधी एका रूपात आणून मगच जुळवतो. साठवलेला मजकूर मात्र लिहिणाऱ्याने लिहिला तसाच राहतो.

आता तो नियम. वर्डप्रेस २७ मे २००३ ला आलं. मिशेल वाल्द्रिगीने लिहिलेल्या बी-टू नावाच्या सोडून दिलेल्या प्रणालीवरून मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ते उभं केलं. प्लगइनची सोय आली पुढच्या वर्षी, मे २००४ मधल्या १.२ या आवृत्तीत. त्याआधी कुणाला काही वेगळं हवं असलं तर तो मूळ फायली उघडून त्यांतच खाडाखोड करायचा. नवी आवृत्ती आली की खाडाखोड पुसली जायची, नाहीतर नवी आवृत्ती घेताच यायची नाही. १.२ ने हुक दिले. मूळ प्रणाली आपलं काम करत जाते आणि ठरलेल्या जागी हाक मारते: लेख साठवला, आता पान दाखवतेय, कुणाला काही करायचं आहे का? ज्याने आधी नाव नोंदवलं असेल त्याला ती आपली पाळी देते. काम करण्यासाठी हाक असते ती ॲक्शन, आणि मजकूर हातात देऊन बदलून परत मागते ती फिल्टर. या धंद्यातली पहिली आणि सर्वांत कडक शिस्त त्यातून आली: गाभ्याला हात लावायचा नाही.

मंडळ्यांसाठी लिहिलेल्या एका प्लगइनवरून हे नीट सांगता येईल. पाळक संदेश लिहितात, त्यात ‘योहान ३:१६’ असा उल्लेख येतो. वाचकाने त्यावर बोट ठेवलं की वचन दिसावं. याला एक सोपी वाट आहे. २००८ पासून वर्डप्रेसमध्ये शॉर्टकोड आहेत, पाळकांना सांगायचं की उल्लेखाभोवती अमुक चौकोनी कंस घाला. पण उद्या मंडळीने प्लगइन काढला, की शेकडो संदेशांत ते कंस उघडे पडतात. पाळकांच्या लिखाणात माझ्या प्लगइनचा राडारोडा कायमचा राहतो. दुसरी वाट फिल्टरची. डेटाबेसमधला संदेश पाळकांनी लिहिला तसाच राहतो. पान दाखवण्याच्या क्षणी फिल्टर त्यातले उल्लेख ओळखतो आणि तेवढ्यापुरता दुवा जोडतो. प्लगइन बंद केला तर दुवे जातात, संदेश अक्षरन् अक्षर जागेवर. या वाटेला कष्ट जास्त. देवनागरी आकडे ओळखावे लागतात, ‘मत्तय’ आणि ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ एकच हे शिकवावं लागतं, ‘प्रे. कृ.’मधली टिंबं सांभाळावी लागतात. मी ही दुसरी वाट धरतो आणि ती धरण्याचं कारण तांत्रिक आहे तेवढंच माझ्या विश्वासाचंही आहे. दुसऱ्याच्या लिखाणावर आपली कायमची खूण सोडण्याचा हक्क मला कुणी दिलेला नाही.

बाकीच्या शिस्तीही याच मुळाच्या. आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी आपला उपसर्ग लावायचा, कारण दोन प्लगइनांत एकाच नावाचं फंक्शन निघालं तर सगळी साइट कोसळते आणि शेजाऱ्याचंही काम बुडतं. आत येणारं सगळं तपासायचं, बाहेर जाणारं सगळं निर्धोक करून सोडायचं. डेटाबेसकडे प्रश्न नेताना वाचकाने टंकलेले शब्द थेट वाक्यात मिसळायचे नाहीत. बटण दाबणाऱ्याला ते दाबण्याचा अधिकार आहे का, हे दर वेळी विचारायचं. तपासणी अर्धवट असली की काय होतं ते २०११ साली जगाने पाहिलं. टिमथंब नावाची चित्रं लहान करणारी छोटी फाइल असंख्य थीममध्ये बसवलेली होती. बाहेरचं चित्र आणताना ती ओळखीच्या साइटचं नाव पत्त्यात आहे का, एवढंच बघायची. ते नाव पत्त्यात कुठे आहे हे बघत नव्हती. हल्लेखोरांनी आपल्या पत्त्याच्या पुढच्या तोंडाला ओळखीचं नाव चिकटवलं आणि चित्राच्या जागी आपला कोड आत घातला. एका ओळीची हयगय होती ती. ज्यांच्या साइट गेल्या त्यांना टिमथंब हे नावही ठाऊक नव्हतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने मला अहिराणीत विचारलं होतं, ‘भाऊ, हाई कोन देखस?’ हे बघतं कोण? प्रश्न खरा आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपास यांविषयी बोलतो आणि तिन्ही वेळा गुप्तात पाहणाऱ्या पित्याचा उल्लेख करतो. लहानपणी ते मला धाकासारखं वाटायचं. या कामात पडल्यापासून त्याचा मोठा आधार वाटतो. कुणी पाहत नाही अशा ठिकाणी केलेलं काम वाया जात नाही, हे ज्याला पटलं त्याला संध्याकाळी एकट्याने खिळे लावून ठेवणं जड जात नाही. मी त्या मुलाला हे सांगितलं. तो ख्रिस्ती नाही, आणि माझ्याकडे तो कोड शिकायला येतो. त्याने ते ऐकून घेतलं आणि आपल्या आजोबांची, ते विहिरीचं बांधकाम करायचे, एक गोष्ट मला सांगितली.

गावात आमच्यासारखी घरं बोटांवर मोजण्याइतकी. खानदेशात ख्रिस्ती वस्ती जास्त ती पश्चिमेला नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात, आणि इकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव अशा रेल्वेच्या गावांत. एरंडोलला पद्मालयाचा गणपती आहे, उजव्या आणि डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती एकाच देवळात. आमच्या अंगणातून चतुर्थीला माणसं जातात, त्यांना पाणी देणं ही माझ्या आईची रीत होती आणि ती माझ्या पत्नीने चालू ठेवली आहे. या शेजारात राहून विश्वास धरणं म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आमच्याच मातीतलं आहे.

धरणगाव त्या वेळी एरंडोल तालुक्यात होतं. तिथे १३ ऑगस्ट १८९० ला त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मला. १९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे हा कोवळा मुलगा उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन खाली बसला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला जवळ केलं, आणि तो काही काळ नगरला टिळकांच्या घरी राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याला जी माया दिली आहे ती वाचताना हा परका मुलगा आहे हे विसरायला होतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यासाठी घर फाटलं होतं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या होत्या. धर्मापायी घर कसं मोडतं हे त्या जोडप्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच घरात धरणगावचा ब्राह्मण मुलगा राहिला, वाढला, लिहीत राहिला आणि होता तोच राहिला. त्यांनी त्याला जेवण दिलं, वळण दिलं, कवितेसाठी जागा दिली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली तो गेला. भादलीवरून गाडी जाते तेव्हा माझं बोलणं थांबतं.

टिळक स्वतः अभंगाकडे, भजनाकडे, कीर्तनाकडे वळले होते, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. उपासना संगीतातलं टिळकांचं पद आम्ही रविवारी गातो तेव्हा पेटी आणि टाळ असतात. माझ्या लहानपणी मला ख्रिस्ताची ओळख झाली ती या चालींतून, म्हणून ती कधी परकी वाटली नाही.

लिपीच्या बाजूने शेवटचा एक धागा. वेबसाइटवर मराठी अक्षर दाखवायचं तर फॉन्ट वाचकाच्या मोबाइलपर्यंत पाठवावा लागतो. इंग्रजी फॉन्ट हलका, देवनागरी जड, कारण जोडाक्षरांसाठी आजही शेकडो आकार काढून ठेवावे लागतात. स्टीफन्सचे सहाशे साचे अजून आपल्या पाठीवर आहेत. मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट बऱ्याचदा वापरतो. तो ज्या मुक्त परवान्याखाली सर्वांना मिळतो, तो परवाना एसआयएल या संस्थेत तयार झाला, व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोलस स्पालिंजर यांच्या हातून. एसआयएल ही १९३४ पासून बायबल भाषांतराशी जोडलेली, लहान भाषांवर काम करणारी ख्रिस्ती संस्था. आज त्या परवान्याखालचे देवनागरी फॉन्ट वर्तमानपत्रांच्या साइटवर आहेत, सरकारी साइटवर आहेत, देवस्थानांच्या साइटवर आहेत. वर्डप्रेसने २०१८ साली आपल्या नव्या संपादकाला गुटेनबर्गचं नाव दिलं, ते जगाने पाहिलं. या परवान्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही, आणि मला गुटेनबर्गइतकंच त्याचं अप्रूप आहे. खेड्यापाड्यांत नेट मंद असतं, म्हणून मी फॉन्टचे जाडबारीक सगळे प्रकार पाठवत नाही. दोन पाठवतो, आणि ते येईपर्यंत मोबाइलमधल्या अक्षरात पान वाचता यावं अशी सोय करतो.

सध्या मी मंडळ्यांच्या नोंदवह्यांसाठी एक प्लगइन लिहितो आहे. बाप्तिस्मा, लग्न, दफन. जुन्या वह्यांतली काही पानं इतकी ठिसूळ आहेत की ती उलटताना हात कापतो. या नोंदी वेबसाइटच्या गाभ्याच्या तक्त्यांत न मिसळता वेगळ्या तक्त्यांत राहतील. पाहण्याचा अधिकार पाळकांना आणि सचिवांना, बाकी कुणाला त्या दिसणार नाहीत, शोधयंत्रालाही नाही, कारण कुणी कधी बाप्तिस्मा घेतला ही गोष्ट आजच्या काळात एखाद्या घराला अडचणीत आणू शकते.

एका प्रश्नावर मात्र मी बरेच दिवस अडलो होतो. चांगला प्लगइन काढून टाकला की त्याने आपल्यामागे घाण ठेवू नये, तक्ते, सेटिंग, सगळं पुसून जावं, असा आमच्या धंद्यात शिष्टाचार आहे, आणि त्यासाठी अनइन्स्टॉलची वेगळी फाइल लिहायची असते. पण इथे तक्त्यांत माझं काही नाही. तिथे लोकांचे आजोबा-पणजोबा आहेत. एखाद्या सचिवाने जागा मोकळी करायला प्लगइन काढला आणि नव्वद वर्षांच्या नोंदी गेल्या, तर शिष्टाचार पाळल्याचं समाधान कुणाला मिळणार? मी असं ठरवलं आहे: प्लगइन निघाला तर त्याची सेटिंग, त्याचे दुवे, त्याची तात्पुरती साठवण जाईल, नोंदींचे तक्ते राहतील. त्या पुसायच्याच असतील तर वेगळं पान असेल, तिथे मंडळीचं नाव पूर्ण टंकावं लागेल, आणि पुसण्याआधी सगळ्या नोंदींची फाइल उतरवून घेतल्याशिवाय पुढचं बटण उघडणार नाही. ती फाइल साध्या मजकुराची असेल, युनिकोडमध्ये, कुठल्याही यंत्रावर उघडणारी आणि कागदावर छापता येणारी. पाळकांना मी दर नाताळच्या आधी ती छापून, शिवून, वेदीच्या कपाटात ठेवायला सांगितलं आहे. कागद चांगला घ्या, हेही सांगितलं आहे.